शब्दांची खोती मोडून काढा

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फलक लागले, भाषणं झाली, साहित्यिक गहिवरले. गहिवरू द्या. आपण मात्र त्या शब्दाकडे जरा नीट बघू. अभिजात. म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. या देशात भाषेलाही वर चढायचं तर आधी कूळ सांगावं लागतं! दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख पुढे केले, जुने ग्रंथ पुढे केले, कूळ सिद्ध झालं. आता अध्यासनं येतील, परिषदा भरतील, निधी येईल. माझा सवाल एवढाच आहे की दगडावरच्या मराठीवर किती खर्च होणार आणि भरती-ओहोटीच्या हिशेबानं जगणाऱ्या माणसाच्या तोंडातल्या मराठीवर किती?

मी जयगडचा. शास्त्री नदी जिथं समुद्राला मिळते तिथल्या खाडीकाठच्या बौद्धवाडीतला. वर किल्ला, टोकाला दीपगृह, पलीकडे गुहागर तालुक्यातलं तवसाळ, मधे फेरीबोट. जवळच मालगुंड आहे. १८६६ साली तिथं केशवसुत जन्मले म्हणून मराठी कवितेचे यात्रेकरू तिथवर येतात, घर बघतात, गणपतीपुळ्याला जातात आणि परत फिरतात. जयगडच्या बंदरावर कुणी शब्द ऐकायला येत नाही. तिथं मासे घ्यायला येतात.

या खाडीवर जगतं कोण? खारवी जगतो. जुन्या सरकारी कागदांत ज्याला दालदी म्हटलंय तो मुसलमान मच्छीमार जगतो. भंडारी, कुणबी जगतो. आणि आम्ही. आमच्याकडे होडी नव्हती, जाळं नव्हतं. पण ओहोटी लागली की आमच्या वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन चिखलात उतरायच्या. कालवं फोडायच्या, मुळे वेचायच्या. आमची आय म्हणायची, "जमीन खोताची आसंल, खाडी काय कुनाच्या बापाची नाय."

आयनं शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. पण भरती कधी ते तिला घड्याळाशिवाय कळायचं. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं, बाराच्या सुमाराला उतरलेलं. एकादशीला सव्वाआठ. चंद्राबरोबर भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते, ते सगळं खगोलशास्त्र या एका पाऊणपटीत बसवलंय. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी चढतंही कमी, उतरतंही कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. कालवांना जायचं ते उधाणाच्या ओहोटीला, कारण एरवी बुडालेले खडक तेव्हाच उघडे पडतात. हे ज्ञान कुठल्या पोथीत नव्हतं. बोलीत होतं.

आणि त्या बोलीचं शाळेत काय झालं? "आमी जाताव" म्हटलं की गुरुजी सगळ्या वर्गाला हसायला लावायचे. "पानी" म्हटलं की फळ्यावर भला मोठा ण काढून दाखवायचे. ज्याच्या तोंडात न तो अशुद्ध, ज्याच्या तोंडात ण तो शुद्ध. आणि तेच गुरुजी दुपारच्या तासाला भूगोल शिकवताना आमच्याकडून पाठ करून घ्यायचे : खारे वारे, मतलई वारे, उधाणाची भरती, भांगाची भरती. अरे, हे शब्द कुठल्या पेठेत तयार झाले? शनिवारात की सदाशिवात? दर्यात जाणाऱ्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या तोंडात घोळवलेले शब्द हे. पुस्तकानं ते उचलले आणि ते कुणाचे, हे सांगायचं सोयीस्कर विसरलं. शब्द शुद्ध ठरला, बोलणारा अशुद्ध राहिला. घराला हात लावू दिला नाही पण घर बांधून घेतलं आमच्याकडून, तसलाच हा प्रकार.

आता भाषेच्या नोंदीची गोष्ट ऐका.

इंग्रजांच्या राज्यात ग्रिअर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी केली. १९०३ ते १९२८ या काळात तिचे खंड निघाले. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानं तयार केला. काम अफाट होतं, नाकारण्यात अर्थ नाही. कोळी, आगरी, कुणबी, धनगरी अशा कितीतरी बोली त्यात पहिल्यांदा कागदावर आल्या. याच खंडात एक गंमत आहे. कोकणीच्या पोटात त्यांनी ज्या बोली घातल्या त्यांत चित्पावनी आहे आणि दालदीही आहे. ब्राह्मणाच्या माजघरातली बोली आणि मुसलमान मच्छीमाराच्या होडीतली बोली, एका प्रकरणात! भाषाशास्त्राला सोवळं-ओवळं कळलं नाही. पुढे मात्र समाजानं आपलं काम चोख केलं. एकीला घराण्याचा वारसा म्हणून माया मिळाली. दुसरीचं नावसुद्धा आज शहरातल्या मराठी वाचकाला माहीत नाही.

पण या पाहणीची खरी खोट तिच्या साच्यात होती. जिथून बोलीचा नमुना मागवला तिथं पहिली गोष्ट ठरलेली : बायबलातली उधळ्या मुलाची. बाप, दोन मुलगे, शेत, डुकरं राखणं, अंगठी, पोसलेलं वासरू. त्यात होडी नाही, जाळं नाही, वारा नाही. जोडीला शब्दांची एक ठरावीक यादी. तीत घोडा, गाय, कुत्रा, मांजर, कोंबडा, बदक, गाढव आहे, उंटसुद्धा आहे. मासा नाही. गुलाम आहे, शेतकरी आहे, मेंढपाळ आहे. मच्छीमार नाही. सूर्य, चंद्र, तारा, आग, पाणी आहे. दर्या नाही. वाक्यं बघा : पांढऱ्या घोड्याचं खोगीर घरात असल्याचं एक. कुणाला तरी बडवून दोरांनी बांधायला सांगणारं एक. विहिरीतलं पाणी काढायला सांगणारं एक. वाचताना हसू येतं आणि मग येत नाही. कारण ज्या कोकणात १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फोडली, तिथं विहिरीतलं पाणी काढ हे वाक्य आपल्या बापाला कोण सांगणार होतं?

सांगायचं ते हे, की प्रश्न विचारणारा ज्या जगात राहतो, उत्तरात तेच जग येतं. खाऱ्या पाण्यावरच्या माणसाला खोगिराचा शब्द विचारला तर त्याची भाषा दरिद्रीच दिसणार. त्याला वाऱ्याचे प्रकार विचारा, पाण्याचा रंग विचारा, डोल, रापण आणि पाग यांतला फरक विचारा, पेडवा आणि तारली वेगळी कशी ओळखतोस ते विचारा. मग तुमच्या अभिजात मराठीला घाम फुटेल. तिच्याकडे सगळ्यांना मिळून एकच शब्द : मासा.

इंग्रज गेला. आपलं राज्य आलं. २०११ च्या जनगणनेत या देशातल्या माणसांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली. सरकारनं ती चाळली, गाळली, एकमेकांत मिसळली. १,३६९ मातृभाषा उरल्या. मग दहा हजारांची रेघ ओढली, उरलेल्यांचे गट केले आणि शेवटी १२१ भाषा जाहीर झाल्या. दहा हजारांच्या खालचे गेले 'इतर' या रकान्यात. आपल्याला हा रकाना ओळखीचा आहे. पंगतीत, पाणवठ्यावर, स्मशानात आपण याच रकान्यात उभे होतो.

न्यायानं बोलायचं तर चांगलं कामही झालंय. गणेश देवी यांनी २०१० पासून भाषांचं लोकसर्वेक्षण उभं केलं आणि महाराष्ट्राचा खंड २०१३ साली निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून बोलींचे आवाज नोंदवले आणि ते सगळ्यांना ऐकता येतील असे ठेवले. अशा कामाला मी शिव्या घालणार नाही. ते दहापट व्हायला हवं. माझं भांडण एका रीतीशी आहे, आणि ती रीत मी डोळ्यांनी बघितलीय.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेकडून एक अभ्यासक आमच्या बाजूला आले. नावात काय आहे, असे पुष्कळ येतात. चार दिवस राहिले. एका म्हाताऱ्या तांडेलाला ओट्यावर बसवून यंत्र चालू केलं आणि यादी वाचायला लागले. याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. म्हातारा भला माणूस, सांगत गेला. आत त्याची म्हातारी जाळ्याला गाठी मारत होती आणि मधूनच त्याचा शब्द दुरुस्त करत होती. तिच्यापुढे यंत्र गेलं नाही. खारवीवाड्यातून पुढे मुसलमान मोहल्ल्यात ते गेले नाहीत, 'त्यांची भाषा उर्दू असेल ना' म्हणाले. आमच्या वाडीत तर येण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही कुठे समुद्राची माणसं! चार दिवसांनी गेले. त्या ध्वनिफितीची प्रत गावात आली नाही. लेख छापून आला की नाही, कुणाला पदवी मिळाली की नाही, म्हाताऱ्याला कळलं नाही. तो मेला. त्याचा आवाज कुठल्या कपाटात आहे, हे त्याच्या नातवाला सांगता येत नाही.

कोकणातल्या माणसाला या रीतीचं नाव सांगावं लागत नाही. ही खोती आहे. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधे बसलेला. राबायचं कुळानं, पीक जायचं खोताच्या अंगणात, आणि वर कुळानंच हात जोडायचे. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. जमिनीची खोती कागदावर तरी मेली. शब्दांची खोती जिवंत आहे. शब्द खाडीवरचे, नाव विद्वानाचं. आवाज म्हातारीचा, मालकी कपाटाची.

आणि ही खोती चालू असताना तिकडे खाडीचं काय चाललंय? २००९ साली जयगडला धामणखोलच्या बाजूला खाजगी बंदर सुरू झालं. २०१०-११ मध्ये कोळशावर चालणारं १,२०० मेगावॉटचं वीजकेंद्र उभं राहिलं. मोठी जहाजं आली. पोरांना नोकऱ्या लागल्या, काहींना लागल्या नाहीत, तो हिशेब वेगळा मांडू. इथं भाषेपुरतं बोलतो. आमच्याकडचा जुना मच्छीमार दर्यात जागा शोधायचा ती किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून. हा डोंगर त्या देवळामागे गेला की खाली खडक, अमुक झाड दीपगृहाच्या अंगाला आलं की जाळं टाकायचं. अशा जागांना नावं असतात. ती कुठल्या नकाशावर नसतात. किनारा बदलला की खूण जाते. होडीला बंदी झाली की जागा जाते. लहान जाळं परवडेनासं झालं की त्या जाळ्याच्या वीस भागांची वीस नावं जातात. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ ला निर्बंध घातले ते लहान मच्छीमार ओरडला म्हणून. तो ओरडा पोटाचा होता. पण पोट आणि बोली वेगळी नसतात. ज्याला खाडीवर हक्क नाही त्याच्या खाडीच्या शब्दांची नोंद म्हणजे मयताची नोंद.

जगभर हेच चाललंय. थायलंडच्या सुरीन बेटांवर मोकेन नावाचे समुद्रावरचे आदिवासी राहतात. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. पाणी विचित्र मागे हटलेलं बघून त्यांच्या म्हाताऱ्यांनी ओळखलं, ही 'लाबून' आहे, माणसं खाणारी लाट. गोष्टींतून ती त्यांच्या भाषेत पिढ्यान् पिढ्या राहिली होती. गाव उंचावर पळालं, जवळजवळ सगळे वाचले. मग जगानं टाळ्या वाजवल्या, कॅमेरे आले, अभ्यासक आले. पण कित्येक मोकेनांना त्यानंतर वर्षानुवर्षं कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं, आणि ज्या बेटांवर ते राहतात तिथं राष्ट्रीय उद्यानाचे नियम त्यांच्या मासेमारीवर. शब्दाला टाळ्या, माणसाला कागद नाही. आपल्याच देशात अंदमानात बोआ नावाची म्हातारी २६ जानेवारी २०१० ला, ऐन प्रजासत्ताक दिनी, गेली आणि तिच्याबरोबर बो भाषा गेली. अन्विता अब्बी यांनी तिचा आवाज नोंदवून ठेवला म्हणून निदान तो तरी उरला. पण त्या भाषेत तिच्याशी बोलायला शेवटी माणूस उरला नव्हता. हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. आधी जमात संपवली गेली, नोंद मागून आली.

आता आपले दोस्तच मला विचारतील, ते मी आधीच मांडतो.

पहिला म्हणेल, अत्याचार चालू आहेत, भरती बंद आहे, शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि तू बोलीचं काय घेऊन बसलास? हा पांढरपेशांचा छंद आहे. त्याला मी सांगतो, तुझं साहित्य कशावर उभं आहे? बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. गोलपिठ्यातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत हे तेंडुलकरांनी प्रस्तावनेत मोकळेपणानं लिहिलं. ज्या दिवशी प्रस्थापिताला आपला शब्द आपल्याला विचारावा लागला त्या दिवशी मराठीत सत्ता थोडी हलली. तो छंद होता काय?

दुसरा म्हणेल, बाबासाहेबांनी गाव सोडा सांगितलं, इंग्रजी शिका सांगितलं. बोलीत अडकवून ठेवणं हाच मनूचा डाव. बरोबर आहे. म्हणून मी पोरांना इंग्रजीपासून लांब ठेवा म्हणत नाही. इंग्रजी शिका, प्रमाण मराठी लोळवा, संगणक शिका. पण शिकायची अट म्हणून आईच्या तोंडाची लाज बाळगायची, ही अट कुणी घातली? बाबासाहेबांनी नाही घातली. सोडलेलं गाव आणि हिसकावलेली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्याचा सवाल सगळ्यांत अवघड आहे. तो म्हणेल, त्या खारव्यांनी, भंडाऱ्यांनी तरी आपल्याला कुठं शिवून घेतलं? आपल्या आयांना पाणी वरूनच घातलं. खरं आहे. दर्यावर जाणारा माणूस किनाऱ्यावर आला की जात घेऊनच उतरायचा. म्हणूनच सांगतो, नोंद आपण करायची. कारण वरचा अभ्यासक गोड गोड गोळा करतो : नारळी पौर्णिमेची गाणी, लग्नातल्या ओव्या, 'लोकधन'. बोलीतल्या जातीच्या शिव्या, बाईला हिणवणाऱ्या म्हणी, आपल्या नावानं केलेले वाक्प्रचार तो गाळतो. आपण गाळणार नाही. भाषा नोंदवायची तर तिच्यातलं विषही नोंदवायचं, म्हणजे उद्या कुणी 'आमच्या गावात जात नव्हती' असं म्हणायला धजणार नाही. आणि हेही नोंदवायचं, की त्याच चिखलात त्यांची बाई आणि आमची बाई एकाच ओहोटीला उतरत होती, आणि कालवाला दोघींचा शब्द एकच होता.

म्हणून आपल्या मागण्या. सरकारकडेही आणि स्वतःकडेही.

एक. बोलीच्या नोंदीची प्रत जिथून घेतली त्या वाडीत राहिली पाहिजे. शाळेत, ग्रंथालयात, नाहीतर माणसांच्या मोबाईलवर.

दोन. बोलणाऱ्याला विचारल्याशिवाय आवाज घ्यायचा नाही. घेतला तर, त्याची इच्छा असेल तर, नाव त्याचं लागेल. तो 'माहितीदार' नव्हे, लेखक आहे.

तीन. यादी किनाऱ्यावर तयार झाली पाहिजे. वारा, पाणी, जाळं, होडी, मासळी, लिलाव, कर्ज, दुष्काळी पावसाळा, खाडीतल्या जागांची नावं. खोगीर नको.

चार. बायांना आधी विचारायचं. मोहल्ल्यात जायचं. बौद्धवाडीत जायचं. समुद्राची माणसं कोण, हे जातीच्या पाटीवरून ठरवायचं नाही.

पाच. अभिजात म्हणून येणाऱ्या पैशातला वाटा जिवंत बोलींना, आणि तो वाटा बोलणाऱ्यांच्या हातात.

सहा. खाडीवरचा, किनाऱ्यावरचा हक्क आणि बोलीचा हक्क एकाच अर्जात लिहायचा.

यातलं निम्मं काम सरकारच्या परवानगीशिवाय होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. बहुतेक होड्या वर ओढलेल्या, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली, बोलायला मोकळी. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात राहणाऱ्या दोस्तांनो, तुमच्यातले निम्मे कोकणातले आहात. गणपतीला गावाला जाता तसे यंदा जूनमध्ये जा. खिशात मोबाईल आहे, त्यात आवाज नोंदवायची सोय आहे. आयला विचारा, शेजारच्या वाड्यातल्या म्हातारीला विचारा, मोहल्ल्यातल्या चाचाला विचारा. ते बोलतील तसंच लिहा, न चा ण करू नका. आणि परत यायच्या आधी त्यांना ते एकदा ऐकवा.

जय भीम.